‘संबंध नाही’ नावाची फाइल

वकीलसाहेबांच्या कम्प्युटरवर मी एक फाइल करून ठेवली होती, तिचं नाव ‘संबंध नाही’. श्रीगोंद्यात कोर्टासमोरच्या त्यांच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. अधूनमधून एखादा बाप पोराशी संबंध तोडल्याची जाहीर नोटीस पेपरात द्यायला यायचा. ‘माझा मुलगा माझ्या सांगण्यात व कह्यात नाही. आजपासून माझा त्याच्याशी कोणताही संबंध राहिलेला नाही.’ मजकूर ठरलेला. नाव, वय, गाव तेवढं बदलायचं आणि प्रिंट काढायची. ‘चला, अजून एक पोरगा उडवला,’ असं म्हणून मी चहा प्यायला बसायचे. आता लाज वाटते, पण म्हणायचे खरी.

एकदा एका गृहस्थांना तीच नोटीस इंग्रजीत हवी होती, कारण मुलगा परदेशात होता. साहेब सांगत होते, मी टाइप करत होते. मध्येच ते म्हणाले, ‘रिप्युडिएट.’ माझी बोटं थांबली. हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता.

‘साहेब, काहीतरी सोपं टाकू का?’

‘नोटीस सोपी नसते, बाई. डिक्शनरी घे.’

कपाटावरची जाडजूड डिक्शनरी काढली, धूळ झटकली. अर्थ दिला होता : झिडकारणे, रीतसर नाकारणे, आपले म्हणण्यास नकार देणे. त्या शेवटच्या अर्थावरून माझं बोट पुढे सरकेना.

कारण दोनच दिवसांपूर्वी मी नगरला जाऊन रजिस्टर लग्नाची नोटीस देऊन आले होते. मुलगा देवळाली प्रवराचा. माणूस लाखात एक, पण आमच्या जातीतला नाही. घरी कुणाला पत्ता नव्हता. ती नोटीस आमच्या दोघांच्या फोटोंसकट तिथल्या ऑफिसच्या बोर्डावर तीस दिवस लागणार होती. येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही वाचावी. एकतिसाव्या दिवशी आमचं लग्न.

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. आईनं नुसतं ‘अगं, ऐक ना’ म्हटलं तरी धस्स व्हायचं. मोबाईल वाजला की आधी नंबर बघायचे, मगच उचलायचे. ऑफिसात गेल्या गेल्या पेपरातलं नोटिसांचं पान उघडायचे आणि स्वतःचं नाव शोधायचे. एसटीत खिडकीशी बसलं की तो मेला शब्द आपोआप ओठांवर यायचा. रिप्युडिएट, रिप्युडिएट. शेजारची बाई एकदा म्हणाली, ‘जप करतीस का गं?’

भीती माराची नव्हती. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला आयुष्यात कधी बोट लावलं नाही. भीती वेगळीच होती. अप्पांचं आणि माझ्या चुलत्याचं एकदा बांधावरून वाजलं. तेव्हापासून अप्पांनी सख्ख्या भावाचं नाव तोंडातून काढलेलं नाही. काष्टीच्या बाजारात दोघं हातभर अंतरावरून जातात, आणि अप्पा तिथे कुणीच नसल्यासारखे वांगी निवडत राहतात. मी ते लहानपणापासून बघत आलेय. शिव्या परवडल्या, पण ती वांगी निवडणारी मान मला नको होती.

एकोणिसाव्या दिवशी, भर बाजाराच्या दिवशी, अप्पा ऑफिसच्या दारात उभे राहिले. बाजार कधी न चुकवणारा माणूस. साहेब कोर्टात होते. अप्पांनी चपला बाहेर काढल्या आणि पक्षकाराच्या खुर्चीवर बसले.

‘भावकीतला एकजण नगरला गेल्ता. बोर्डावर तुझा फोटू हाय म्हनला. खरं हाय?’

खोटं बोलायला जीभ उचलेना. ‘हो, अप्पा.’

त्यांनी टेबलावरचा स्टेपलर उचलून बाजूला ठेवला.

‘ती पेपरात द्यायची नोटीस काढ. संबंध तोडल्याची.’

‘अप्पा, साहेब येऊ द्या...’

‘त्यांचं काय काम हाय? टाइप तूच करतीस न्हवं?’

फाइल उघडली. ‘मुलगा’ खोडून ‘मुलगी’ केलं. स्वतःचं नाव तीनदा चुकलं. वय सव्वीस, गाव काष्टी. अप्पांना सही येते, वाचता येत नाही. मी काहीही लिहिलं असतं तरी त्यांना कळलं नसतं, आणि हे मनात आलं त्याचीच मला जास्त भीती वाटली. देवा, मी निमूट खरं तेच लिहिलं.

‘वाच,’ अप्पा म्हणाले.

मी वाचायला लागले. ‘माझी मुलगी माझ्या सांगण्यात व कह्यात नाही. आजपासून...’

‘थांब. आजपासून का?’

‘तसंच असतं, अप्पा. मजकूर ठरलेला आहे.’

‘लगीन कवा हाय?’

हा शब्द त्यांच्या तोंडून येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी तारीख सांगितली.

‘मग ती तारीख टाक. तवर पोरगी हाईस माझी.’

मी ‘आजपासून’ खोडलं आणि माझ्या लग्नाची तारीख टाकली. प्रिंट काढली. अप्पांनी प्रिंटवर सावकाश सही केली, कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठले.

‘चल. तुझी आई जेवायची थांबलीया.’

मी अप्पांच्या गाडीवर मागे बसले. नेहमी त्यांच्या खांद्यावर हात असतो, त्या दिवशी धाडस होईना. मी सीटखालची कडी धरून बसले. गावाबाहेरच्या गतिरोधकावर गाडी आदळली, तसे अप्पा मागे न बघता ओरडले, ‘धर की नीट! पडशील!’

मी खांदा धरला. लग्नाला अजून बारा दिवस होते.