चर्चचा झिजलेला उंबरा

अनवाणी पायांनी काळा दगड झिजायला किती पिढ्या लागतात, याचा कधी विचार केलाय तुम्ही?

इंग्रज पाद्र्याने बांधलेल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये, टोकदार कमानीखालचा उंबरा मधोमध खोलगट झालाय. आत जाताना चपला बाहेर काढायची आमची रीत. ज्यांना गावातल्या एकाही देवळाचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्या आमच्या पणजोबा-पणज्यांच्या पायांनी तो झिजला. आता चर्चची कमिटी त्यावर चकचकीत टाइल बसवणार आहे.

"अरे, पाहुण्यांसमोर लाज वाटते त्या खड्ड्याची," कमिटीचे सेक्रेटरीकाका म्हणाले.

"काका, लाज अडवणाऱ्यांना वाटू द्या. आपल्याला कसली?"

"तुझं भाषण झालं की सिमेंट कालवायला ये."

सोमवारी सकाळी टाइलवाला येतोय. त्याच्याआधी या, चपला बाहेर काढा आणि माझ्याशेजारी त्या उंबऱ्यावर बसा.