शेवटच्या कोऱ्या पानावर

माझी कादंबरी निघाली आणि माझं बूड एका जागी टिकेना. भोसल्यांच्या काळातलं नागपूर, दफ्तरातला एक कारकून, त्याचा जिवलग पहिलवान आणि एक खून. जिवलग म्हणजे प्रियकरच. तिथे मी आडवळण घेतलं नव्हतं. नाव मात्र टोपण लावलं. आईला काहीच ठाऊक नव्हतं, ना पुस्तकाचं, ना माझं.

दुकानदार मागचा मजकूर वाचायचे आणि 'ठेवून जा, पाहू' म्हणायचे. वाचक तर हवेत, पण घरी कळायला नको, असा माझा येडेपणा. शेवटी नंदनवन वस्तीतल्या आमच्या वाचनालयात 'मित्राचं आहे' म्हणून एक प्रत दिली. तिथल्या मॅडम प्रत्येक पुस्तकाला खाकी कागद चढवतात. माझ्या पुस्तकावर त्यांनी नावाखाली फक्त 'रहस्यकथा' लिहिलं. बस, पुस्तक पळायला लागलं.

आमच्या वाचकांना एक खोड आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शेरा मारतात. हिंगण्याहून ड्युटी करून आलो की मी आधी तिथे. 'टाइमपास.' 'घाण आहे, बायकांनी वाचू नये.' त्याखाली तीन वेगळ्या अक्षरांत 'वाचलं', 'वाचलं', 'वाचलं'. एका महाभागानं तर नवव्या पानावरच खुन्याचं नाव लिहून ठेवलं. असं डोकं फिरलं की मी खिशात खोडरबर घेऊनच जायला लागलो.

मग आठ दिवस पुस्तक दिसेना. मॅडमना विचारलं.

"तुमच्या आईनंच नेलं ना. वाचून राहिल्या असतील."

पुस्तकातली कारकुनाची आई मी घरातूनच उचलली होती. रागावली की चकार शब्द काढत नाही, राग गेला की न विचारता ताटात एक भाकर जास्त वाढते. मी घरात नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो. आई नेहमीसारखीच.

पुस्तक परत आलं तेव्हा उभ्यानंच शेवटचं पान काढलं. सगळ्यांच्या खाली किराण्याच्या यादीतलं ते तिरपं अक्षर: 'बाबू, दोघाईले मारलं काहून? पुढच्या टायमाले जित्ते ठेवजो.'

घरी आलो. आईनं ताट वाढलं. एक भाकर जास्त होती.

"सांगणारच होतो," मी म्हटलं.

"खाय आधी," ती म्हणाली. "मंग सांगजो, तुह्या पहिलवानाचं नाव काय हाये."