पन्नीतलं हेल्मेट

आईचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करत होते. "दिगू पडला गं," ती म्हणाली. मी वैतागून म्हटलं, "पडला तर पडला, त्यात नवं काय? टिंक्चर लाव म्हणावं." धाकट्या भावासाठी माझ्या तोंडून निघालेला शेवटचा निरोप हा असा... नांदेडला नेईपर्यंत तो गेला होता.

दीड महिना झाला, राग काही जात नाही. सत्तावीस वर्षांचा घोडा, आमच्या डोंगरकडा गावच्या बाजारओट्यावर स्केटबोर्ड खेळायचा, गावातल्या पोरींना शिकवायचाही. बाजार आठवड्यातून एकदा, बाकीचे सहा दिवस तो सिमेंटचा ओटा त्याचाच. मनगट दोनदा मोडलं, कोपर सोललं, हनुवटीच्या टाक्यांची पट्टी मीच बदलली. वर मलाच समजवायचा, "ताई, काहून चिडून राहिलीस? पॅड होतं म्हणून गुडघ्याची वाटी तरी शाबूत हाय." एखादी पोरगी पॅड विसरली की तिला बोर्डाला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. आणि स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा तुटलेला, तो सुतळीनं बांधलेला! किती बोंबलले मी. शेवटी दसऱ्याआधी मीच हिंगोलीहून नवं घेऊन गेले.

दसऱ्याला आईनं ते विळा-कोयत्याशेजारी मांडलं, वरच्या प्लास्टिकच्या पन्नीवरूनच हळदकुंकू लावलं. दिगू पन्नी काढायला लागला तशी ती म्हणाली, "नगं रं, पुजलेलं हाय. चरे पडतील." आणि मी? रोज फुटलेली डोकी बघणारी मी नर्स, मी म्हणाले, "राहू दे. नांदेडच्या स्पर्धेला घाल. तोवर जुनं चालतंय की."

चालतंय की! ओट्याच्या पायरीवरून उडी मारताना सुतळी तुटली. हेल्मेट एकीकडे, तो एकीकडे, पोरींनी रडत रडत सांगितलं. नांदेडच्या दवाखान्यात मीच त्याचे पॅड सोडवले. गुडघे, कोपरं, मनगटं... कुठंही साधं खरचटलेलं नव्हतं.

काल घरी गेले. नवं हेल्मेट त्याच्या फोटोखाली ठेवलेलं, पन्नीसकट, कुंकूसुद्धा तसंच. मी टराटरा पन्नी फाडली. म्हटलं, त्याच्याकडं शिकणाऱ्या पोरींतल्या राधाला देते, ओट्यावर अजून येते ती.

आई धावत आली. "अगं, चरे पडतील त्याला!"

"पडू दे," मी ओरडले, "त्यासाठीच आणलं होतं!"