अविनाशरावांचा वन्स मोअर

अविनाशराव मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. उगाच मागाहून कुणी म्हणायला नको की तबलजीने डूख धरून लिहिलं. डूख धरलेलाच आहे.

नवीन पनवेलच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात नाटक लिहिणार तेच, बसवणार तेच आणि राजपुत्र होणार तेच. कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, पण मॅनेजरकी काही सुटली नाही. साठी उलटली तरी त्यांचा राजपुत्र बाशिंग बांधून तयार. आता राजा करा, असं एकदा मी सुचवलं, तर म्हणाले, राजाला पदं कुठे आहेत? पदं लिहिणारेही तेच, पण बोलायची सोय नाही.

लॉकडाऊन लागला तेव्हा मला वाटलं, यंदा सुटलो. कसला सुटतोय. सगळ्यांनी आपापल्या घरी मोबाईलवर काम शूट करायचं, अविनाशराव ते कॉम्प्युटरवर जोडणार आणि प्रयोग ऑनलाइन होणार, असं फर्मान निघालं. पेटी आणि माझा तबला रेकॉर्ड होऊन त्यांच्याकडून यायचा, एका कानात इअरफोन खुपसून त्यावर गायचं आणि वायर केसांत लपवायची. पट्टी अर्थात त्यांची. शूट केलेलं त्यांना पाठवलं की लगेच आपल्या मोबाईलमधून उडवायचं, कारण प्रयोगाआधी बाहेर फुटलं तर रंगत जाते म्हणे. राजवाड्याची गच्ची म्हणजे त्यांची गॅलरी. मधेच कुकरची शिट्टी झाली की शोभावहिनींवर डाफरायचं. वहिनींनी स्वयंपाक करायचा की राज्य सांभाळायचं?

आमची नायिका मिताली. शेजारच्या विचुंबे गावची पोर, नर्सिंगचं शिकत होती. तिचे वडील काशिराम दिवसा रिक्षा चालवायचे आणि आमच्या नाटकाला पडदा ओढायचे. मंडळात मिताली चार वर्षं गात होती, पण काशिरामने तिचं गाणं ऐकलं ते विंगेत उभं राहून, हातात दोरी धरून. तिथून पोरीची पाठ दिसते, फार तर एक कान. यंदा पडदाच नव्हता. त्याने मला फोन करून मुद्दाम सांगितलं, "आमी तिला कदी समोरून गाताना बगितलीच नाय. यंदा बगनार."

मितालीला एकच पद एकटीचं होतं, वनवासाच्या प्रवेशातलं. घरी बाजूला कोंबड्या, समोर रस्ता, म्हणून तिने पत्र्याच्या खोलीत चहूबाजूंनी गोधड्या टांगल्या आणि उकाड्यात घामाघूम होऊन ते शूट केलं. अविनाशरावांच्या पट्टीत तिचा आवाज तळाला जायचा, तरी गायली. काशिरामला तिने खोलीत येऊ दिलं नाही. म्हणाली, प्रयोगातच बघा.

इकडे अविनाशरावांना वेगळीच चिंता लागली होती. संगीत नाटक आहे आणि वन्स मोअर नाही म्हणजे काय? प्रेक्षक आपापल्या घरी बसणार, वन्स मोअर देणार कोण? मग त्यांनी तो स्वतःच देऊन घेतला. पद संपवून गॅलरीत उभे राहिले, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीला वाकून नमस्कार केला आणि तेच पद पुन्हा गायले. टाळ्या शोभावहिनींच्या, एकटीच्या, पुन्हा पुन्हा चिकटवलेल्या. एकदा करून भागलं असतं, पण माणसाने शेवटच्या पदालाही तेच केलं.

प्रयोगाला काशिराम नवा सदरा घालून मोबाईलपुढे बसला होता, हे मितालीने मला नंतर सांगितलं. वनवासाचा प्रवेश आला. मिताली दोन वाक्यं बोलली, आकाशाकडे बघितलं, आणि एकदम राजपुत्र घोड्यावरून उतरल्याचा आवाज. पद गायबच. मला वाटलं, नेट अडकलं. काशिरामलाही तेच वाटलं. तो प्रयोग संपेपर्यंत वाट बघत होता.

नंतर अभिनंदनासाठी सगळे व्हिडिओ कॉलवर जमलो. अविनाशराव हारात बसले होते. स्वतःच आणवलेला हार. कौतुकाची फेरी झाली आणि त्यांनी उदार होऊन काशिरामला विचारलं, काय रे, पडद्याशिवाय नाटक कसं वाटलं?

काशिराम म्हणाला, "तुमी दोनदा गायलात, साहेब. दोन्ही गानी दोनदा. माजी पोर येकदा तरी गायाला पायजे होती."

अविनाशराव हसले. लोक मोबाईलवर फार वेळ बसत नाहीत, कुठेतरी कापावं लागतं, नाटकाच्या भल्यासाठी कलाकाराने मन मोठं ठेवावं, असं बरंच सांगितलं. मितालीने शांतपणे विचारलं की मग माझं पद मला परत पाठवाल का, बाबांना दाखवायचंय. तर म्हणाले, ते उडवलं. कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. वन्स मोअर फार मोठे झाले.

मला त्या क्षणी त्यांच्या गळ्यातला हार ओढावासा वाटला. मी तोंड उघडून नको ते बोललो, तेव्हा त्यांनी विचुंब्याकडून कोंबड्यांचा आवाज येतोय असं कारण काढून सगळ्यांनाच म्यूट केलं आणि आपल्या पदाची चाल कशी सुचली ते सांगायला लागले.

म्हणून पुढचं मी नुसतं बघितलं. स्क्रीनवरच्या विचुंब्याच्या चौकोनात काशिराम उठला आणि मितालीच्या समोर, आमच्याकडे पाठ करून बसला. त्याच्या खांद्यापलीकडे तिचा चेहरा दिसत होता. तिने डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. पहिली ओळ तिने दोनदा घेतली. तिने पट्टी कुठली धरली, आवाज कसा लागला, आम्हा कुणालाच कळलं नाही. काशिराम हलला नाही. आमच्या कानात अविनाशराव गात होते.