न बांधलेला कागद

“नाव नाही लिहिलंस, पण ‘जुळ्यांची आई’ लिहिलंस. आमच्या गल्लीत जुळी एकाच घरात आहेत, पोरी,” अहवाल वाचून दाखवल्यावर पोशव्वा म्हणाली होती. हर्षदानं ते हसण्यावारी नेलं. नावांच्या जागी तिनं आकडे टाकले होते. आणखी काय हवं?

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या खोकल्याची पाहणी हर्षदा करत होती. संस्था छोटी, पाठीशी विद्यापीठ नाही. म्हणून कुणाला काय विचारायचं, काय छापायचं, हे ठरवायला वस्तीतल्याच चौघांची समिती केलेली. तिघं सही करत. पोशव्वाला लिहिता येत नसे; कागद पटला की ती त्याची विडीसारखी सुरळी करून लाल दोरा बांधायची. हर्षदाचा अहवाल तिनं उघडाच परत दिला. म्हातारी विसरली असेल, तिघांच्या सह्या आहेत ना, असं म्हणत हर्षदानं तो पुढे धाडला.

पुढच्याच आठवड्यात पोशव्वा गेली. मग वस्तीच्या सभेत अहवाल वाचला गेला: जुळ्यांची आई, सासरी न सांगता क्षयाच्या गोळ्या घेते. तिची सासू पहिल्याच रांगेत बसलेली. त्या दिवसापासून ती सून कुणाला दिसली नाही.

भर दुपार. हर्षदाची आठ महिन्यांची चिऊ अंगावर पिता पिता थांबते. हर्षदा सवयीनं तिच्या नाकाशी बोट धरते. श्वास आहे. पंखा खरखरतो, मग तो पंखा नसतो, सुपात पानं चाळल्याचा आवाज असतो.

पलंगाच्या कडेला पोशव्वा, मांडीवर सूप. सुपात पानं नाहीत, कागद आहेत.

“लेकरू झोपलं?”

“आत्ताच. पोशव्वा, तुम्ही तर...”

“मेले, ठाऊक आहे मला. खोकला तेवढा गेला बघ.”

पलंगाची समाजमंदिरातली सतरंजी झालेली आहे. सभा भरली आहे, पण माणसं नाहीत, नुसत्या चपला. हर्षदा अहवाल पुढे करते.

“आता तरी बांधा. ते वाक्य खोडलंय मी.”

“कागदावरनं खोडलंस. सासूच्या कानातनं कसं खोडशील?”

“मला वाटलं, तुम्ही बांधायला विसरलात.”

“चाळीस वर्षं दिवसाला हजार विड्या बांधल्या गं. तुझा एक कागद विसरेन? आणि म्हणे शिकलेली!”

चपला सरकतात आणि समोर दवाखान्याची खिडकी असते. आत गोळ्यांचं एक पाकीट, कुणी न नेलेलं. हर्षदा हात घालते तशी खिडकी मागे मागे जाते.

“ती गोळ्या घेते का हो?”

“मला काय विचारतेस? तुझ्याच बाजूला आहे ती, जित्यांच्या. अजून तरी.”

“मी दारात गेले की सगळी गल्ली बघणार. सासू आणखी भडकेल.”

पोशव्वा कागद बाजूला सारते. मग सुपातला दोरा उचलून हर्षदाच्या हातावर ठेवते.

“मग दुसरं कुणीतरी जाऊ दे. विरजण मागायला, सहज. बांधायचं नंतर बघू.”

चिऊ रडते. पंखा, ऊन, ओला ब्लाउज. नवरा पाळीवर गेलेला. घरात हाक मारावी असं कुणी नाही. हर्षदाची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते तर आत वीतभर लाल दोरा, कुठेच गाठ नसलेला. चिऊचा हात पोचायच्या आत ती तो उचलून फळीवर ठेवते.

संध्याकाळी ती हीच गोष्ट लिहायला बसते. वर ‘जुळी’ म्हटलंय, ती खूणही या वेळी मुद्दाम बदललेली. खरी खूण तिच्यापाशीच राहील. वाचणाऱ्यापुढे ती एवढंच मागणं मांडते: तुमच्या गल्लीतली कारखान्यात विड्या द्यायला जाणारी एखादी बाई बरेच दिवस दिसली नसेल, तर वाटी घेऊन तिच्या दारात जा. गोळ्यांचं नाव काढू नका, सासू घरात असेल. विरजण मागा, जरा टेका, आतून खोकला येतो का ऐका. ती आहे ना, तेवढं बघून या.