बंद केलेली धून

मस्कतच्या आमच्या हॉटेलात एक फ्रेंच जिप्सी गिटारवर जॅझ वाजवायचा. मॅनेजर म्हणून त्याला सांभाळताना मी मेटाकुटीला यायचो. आठला बोलावलं की ‘इन्शाल्ला’ म्हणायचा आणि नऊला उगवायचा. समोर माइक ठेवला तर पायानं सरकवायचा. एक धून मात्र रोज वाजवायचा, गिऱ्हाइकं तिच्यासाठीच यायची. एके दिवशी तीच बंद. “खलास,” म्हणाला. हॉटेलचा मालक, आमचा अर्बाब, माझ्यावर उखडला.

शेवटी त्याच्या साथीदारानं सांगितलं, याचा भाऊ वारलाय, ती धून भावाच्या आवडीची. त्यांच्यात मेलेल्याची आवडती धून वाजवत नाहीत, नावही घेत नाहीत.

“अरे, मग मला सांगायचंस ना,” मी त्या गिटारवाल्यावर करवादलो.

“सांगताना नाव आलं असतं,” तो म्हणाला.

आता तोही गेला, आणि वैताग असा की त्याचं नाव माझ्याही तोंडून निघत नाही.