सुजलेल्या ओठांचं भाषण

शेजारणीच्या नवऱ्यानं उसाच्या कांड्यानं तिचा डोळा फोडला, आणि त्याच आठवड्यात गावातल्या बायका माझ्या दारात आल्या. तो दुकानातून पिऊन आला होता. भाकरी गार आहे म्हणाला. पोरं ऊस सोलत बसली होती, त्यांच्या हातातलं कांडं ओढून त्यानं तिच्या तोंडावर मारलं. सांगलीला नेल्यावर डॉक्टरांनी डोळा वाचणार नाही म्हणून सांगितलं.

दारूचं दुकान बंद करायचं, त्यासाठी बायकांची ग्रामसभा मागायची, असं ठरलं. सभेत कुणीतरी उठून बोलायला हवं होतं. मी बारावी झालेली, बचत गटाचं काम बघणारी, म्हणून सगळ्यांनी माझं नाव पुढं केलं. मी तोवर चार माणसांसमोर कधी बोलले नव्हते. शाळेत पंधरा ऑगस्टला भाषण आलं की मला सकाळपासून जुलाब व्हायचे.

माझा नवरा ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा आणि त्याच दुकानात प्यायचा. मलाही मारायचा. त्याच्या हाताला अजून कांडं लागलं नव्हतं, शेजारणीत आणि माझ्यात एवढाच काय तो फरक. सासरे फौजेतून हवालदार होऊन आलेले. मला मार बसायला लागला की ते उठून गोठ्यात जायचे आणि सगळं शांत झालं की परत यायचे.

पण मी बोलणार हे कळल्यावर त्यांनी मला विहिरीवर बोलावलं. स्वतः पलीकडच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, बोल. मी "व्यासपीठावरील मान्यवर, माझ्या माता-भगिनींनो" असं सुरू केलं. ऐकू येत नाही म्हणून त्यांनी कानामागं हात धरला.

"गळ्यातनं नको, पोटातनं काढ," ते ओरडले. "आन समोरच्याच्या डोळ्यात बघू नको, कपाळाकडं बघ. डोळ्यात बघितलं की माणूस गळपटतं."

रोज संध्याकाळी आम्ही तेच करायचो. धार काढताना, धुणं आपटताना मी ते भाषण घोकायची. सभेच्या आदल्या दिवशी ते मला न अडखळता येत होतं.

त्या दिवशी दिवेलागणीला नवरा घरी आला. तुझी बायको आवर, असं दुकानमालकानं त्याला चारचौघांत सुनावलं होतं. मी भाकरी थापत होते. उद्या गेलीस तर तंगडी मोडीन, म्हणाला. मी जाणार म्हटलं. त्यानं माझे केस धरले आणि तोंड चुलीच्या कट्ट्यावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात तुटल्याचा आवाज मला डोक्याच्या आतून ऐकू आला. रक्त परातीत सांडलं, पीठ लाल झालं.

सासरे नेहमीसारखे उठून गेले होते. पण त्या दिवशी ते बैलाची काठी घेऊन परत आले. त्यांनी लेकाला अंगणात ओढून काढला आणि पाठीवर, पायांवर, पडल्यावर कुशीत मारत राहिले. तो लहान पोरासारखा रडत होता. मला त्याची दया आली नाही आणि बरंही वाटलं नाही.

सकाळी ओठ वांग्याएवढे सुजले होते. सासरे म्हणाले, बोलता येतंय का बघ. मी प्रयत्न केला. "मान्यवर" निघेना. म, प, ब म्हणायला दोन्ही ओठ एकमेकांना लागावे लागतात, आणि माझे लागत नव्हते. माता गेली, भगिनी गेल्या. एवढं घोकलेलं सगळं भाषण तोंडातच अडकलं. मला रडू फुटलं.

"जेवढं येतंय तेवढं बोल," ते म्हणाले आणि सायकलीवरून मला शाळेपर्यंत सोडून आले.

शाळेचं पटांगण बायकांनी भरलं होतं. बायकांच्या सभेत दुकानमालक आत येऊ शकत नव्हता, म्हणून त्याची माणसं कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसली होती आणि शिट्ट्या मारत होती. शाळेच्या ओट्यावर ग्रामसेवकानं माझ्या हातात माईक दिला. माझं तोंड बघून पुढच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मी शेजारणीच्या कपाळावरच्या पट्टीकडं बघितलं आणि पोटातनं आवाज काढला.

"हिचा डोळा गेला. काल दात गेला. आता कुणाचं काय जायचं राहिलंय?"

तेवढ्यात भिंतीवरून वीट आली. ती एका म्हातारीच्या खांद्यावर बसली आणि ती कोसळली. मग बायका उठल्या. कुणी पायातली चप्पल काढली, कुणी दगड उचलला. भिंतीवरच्या एकाला पाय ओढून खाली पाडलं. डोईवरचा पदर कधी न ढळलेली एक बाई त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली आणि पाण्याच्या तांब्यानं त्याचं तोंड ठेचायला लागली. त्याला सोडवायला आलेल्यांनाही मार बसला.

त्या गोंधळात माझा नवरा ओट्यावर चढला. त्यानं माझं मनगट पिरगाळलं आणि घरला चल म्हणाला. माईक दुसऱ्या हातात होता. मी तो त्याच्या गालफडावर हाणला. खांबांवरच्या कर्ण्यांतून तो दणका सगळ्या गावानं ऐकला. त्यानं हात सोडला. मी पुन्हा हाणला, नाकावर. तो मटकन खाली बसला आणि त्याच्या शर्टावर रक्त उतरलं. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं बोलायच्या भीतीपेक्षा मोठं होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी माईक तोंडाशी नेला. तो चालू होता.

"दुकान नको असंल त्यांनी हात उचला."

हात वर झाले. काही हातांना रक्त लागलं होतं. ग्रामसेवकानं टेबलाखालून बाहेर येऊन ठराव लिहून घेतला.

पोलिस आले, दोन्ही बाजूंच्या तक्रारी झाल्या, आम्हा बायकांनाही ठाण्यात खेपा घालाव्या लागल्या. पुढं मतदान होऊन दुकान बंदची खूण असलेली आडवी बाटली जिंकली आणि दुकानाला कुलूप लागलं. दारू मात्र संपली नाही. पिणारे आता हायवेपर्यंत जातात, पण रोज जाणं होत नाही. शेजारीण पोरांना घेऊन वेगळी राहते.

नवऱ्यानं त्यानंतर माझ्यावर हात उचललेला नाही. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. तो मला भितो, आणि भिणाऱ्या माणसाबरोबर एका घरात राहणं सोपं नसतं. परवा जेवताना त्यानं एकदम विचारलं, "तवा दुसऱ्यांदा का मारलंस? मी हात सोडला हुता की."

"पहिला हात सोडवायला मारला," मी म्हटलं. "दुसरा मारायचा हुता म्हणून मारला."

त्यानं मान हलवली. मी त्याच्या ताटात आमटी वाढली.